फिका भात

त्या दिवशी धुकं एवढं होतं की जनावरांच्या दवाखान्याची पाटी दिसत नव्हती. दिसली असती तरी मला वाचता येत नाही. कुत्री भुंकत होती, त्या आवाजावर सायकल ढकलत गेलो. कॅरिअरवर पोत्यात गुंडाळलेला माझा कुत्रा, डब्बू. डोळे पिवळे, हिरड्या पिवळ्या.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाबा, लिव्हर बिघडलं याचं. कावीळ आहे."

मग रोज सलाईन. सलाईन थेंबाथेंबानं चाले, दवाखान्याच्या ओट्यावर बसलेल्या मालकांच्या गोष्टी मात्र धो धो. जनावराला बोलता येत नाही, म्हणून मालक त्याच्या वाटणीचंही बोलतो. त्या ओट्यानं मला खचू दिलं नाही, हे त्याचे उपकार.

*

भरवेलीच्या खाणीतला एक जण कुत्री घेऊन यायचा. तिला ताप आला तर यानं घरातली माणसाची गोळी दिली, तीच लिव्हरवर गेली. बाई रागावल्या, "कोणाले विचारून देली?"

तो खाली मान घालून म्हणाला, "मॅडम, मले तीच लागू पडते."

कुत्री वाचली, म्हणून हसून सांगतो.

*

बिरसा गावाकडच्या एकाच्या पांढऱ्या गाईनं जंगलात घाणेरीचा पाला खाल्ला होता. त्यानं लिव्हर बिघडलं की उन्हानं कातडी भाजते, हे मला तिथंच कळलं. बाईंनी बजावलं, "उन्हात नेऊ नका."

तिसऱ्या दिवशी तो आला. छत्री गाईवर, स्वतः उन्हात. मी म्हटलं, "भाऊ, तुह्या डोक्याचं काय?"

"माह्यं लिव्हर चांगलं आहे."

*

किरनापूरच्या एका आजीनं बोकडाच्या गळ्यात कावीळ उतरवायची जडीबुटीची माळ बांधली होती. नंबर यायच्या आत बोकडानं ती माळच खाऊन टाकली.

आजी निवांत. "बाहेरून नाही त आतून लागू पडंल."

बाईंनी तरीही इंजेक्शन दिलं.

*

आता डब्बूचं. बाई म्हणाल्या, "पोटात अन्न गेलं तरच जगंल." बिनतेलाचा, बिनहळदीचा मऊ भात सांगितला. डब्बू वासही घेईना. शेवटी मी माझंही ताट तसंच वाढलं आणि त्याच्याजवळ जमिनीवर बसलो. मी घास घेतला की तो थोडं चाटे. दोन-तीनदा, मग तोंड फिरवी.

माझं फिकं ताट पाहून मोहल्ल्यात बातमी उलटीच गेली, म्हाताऱ्याला कावीळ झाली. कोणी ऊस आणून दिला, कोणी मुळ्याचा पाला. मी ठणठणीत आहे म्हटलं तर कोणी मानेना. शेजारचे रतनभाऊ उसाचा रस घेऊन आले. दारातून त्यांनी दोन ताटं पाहिली, दोन तोंडं पाहिली. बाटली उंबऱ्यावर ठेवली आणि तसेच मागे फिरले. मला वाटलं, राग आला असंल.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळी ते स्वतःचं ताट घेऊन आले. त्यातही तसाच फिका भात. डब्बूच्या पलीकडं मांडी घालून बसले आणि घास घेतला. तोंड वाकडं झालं, पण गिळला. डब्बूनं माझ्याकडं पाहिलं, त्यांच्याकडं पाहिलं, आणि ताटलीत तोंड घातलं. तळ दिसेपर्यंत वर काढलं नाही.

 रतनभाऊ म्हणाले, "भूक होती गा त्याले, पंगत नव्हती. वाढ आणखी."