देवगिरीच्या गोष्टीतलं सीताफळ

निबंध या प्रकाराचा मला मनापासून राग आहे. 'माझा आवडता ऋतू' लिहायला लावलेलं मूल पुन्हा मराठीच्या वाटेला जात नाही, असं माझं ठाम मत. ते मी शाळेत शिकवत असताना इतक्या मोठ्यानं सांगायचे, की शेवटी शाळेनं मला आणि मी शाळेला रामराम ठोकला. त्यानंतर पडेगावातल्या तीन घरांनी मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवायचं ठरवलं आणि मराठी मला घ्याल का म्हणून विचारलं, तेव्हा मी एकच अट घातली. निबंध नाही. वर्षभर आम्ही जुन्या काळातल्या गोष्टी लिहिणार, आणि जी काय भाषा यायची ती त्यातूनच येईल.

मुलं तीन, सगळी अकरा ते तेरा वयातली. एक हिमरू शालींचं दुकान असलेल्या घरातला मुलगा. तो मला मावशी न म्हणता खाला म्हणायचा आणि त्याच्या प्रत्येक गोष्टीत तोफ उडायची. दुसरी शेजारच्या डॉक्टरीणबाईंची लेक. तिच्या सगळ्या नायिका राजकन्या. तिसरी मुलगी मोठ्या आजारपणामुळे मागे पडलेली. लहान पोरांच्या वर्गात बसायचं नाही म्हणून तिनं शाळेचं नावच टाकलं होतं. तिचे वडील फुलंब्रीकडचे शेतकरी, नोकरी वाळूजच्या कंपनीत. घरी शिकायचं हे खूळ त्यांना अजिबात पटलेलं नव्हतं. पहिल्याच दिवशी दारातच उभे राहून म्हणाले, "म्याडम, पाडव्यापर्यंत बघतो. हिनं सोताच्या मनानं काही लिहून दाखवलं तर ठीक. नायतर जूनमधी शाळा. मंग रडली तरी मी ऐकायचो नाय."

पोरगी माझ्या मागेच उभी होती. तिनं माझी ओढणी मुठीत धरली. तेव्हाच मी मनाशी म्हटलं, बघतेच आता.

आमच्या गच्चीवरून दौलताबादचा किल्ला दिसतो, त्यामुळे विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. दिल्लीच्या सुलतानानं राजधानी इथं हलवायचं ठरवलं आणि तिकडची माणसं बाडबिस्तरा घेऊन देवगिरीच्या पायथ्याशी आली, तो काळ. नियम असा, की एकानं वाचायचं आणि बाकीच्यांनी स्टीलची थाळी आणि डाव घेऊन बसायचं. त्या काळात नसलेली वस्तू गोष्टीत आली की थाळी वाजवायची. मग लिहिणाऱ्यानं आपली बाजू मांडायची, पण गोष्टीतूनच.

काय धमाल उडायची म्हणून सांगू! तोफ आली, वाजली थाळी. राजकन्येनं मिरचीचा ठेचा खाल्ला, थाळी. सैनिकानं चहा मागितला, तेव्हा तर दोन्ही थाळ्या एकदम. शेजारच्या आजी एकदा विचारायला आल्या की, "काय गं, बारसं आहे का कुणाचं?" मुलं भांडून भांडून पुस्तकं धुंडाळायची. बटाटा कधी आला, कागद कशाचा असायचा, शिंपी सुई कुठून आणायचा. शाळेतल्या इतक्या वर्षांत मराठीच्या तासाला मुलांना असं उड्या मारताना मी पाहिलं नव्हतं. मीच त्यांच्याहून जास्त उड्या मारत होते.

एकदा नमुना म्हणून मी माझं लिखाण वाचलं. किल्ल्याच्या पायथ्याशी एक म्हातारी सीताफळांची पाटी घेऊन बसली आहे, वगैरे. या रस्त्यावर वाढलेल्या माणसाला सीताफळाशिवाय दौलताबाद सुचतच नाही. ठण्ण! तिसऱ्या मुलीची थाळी. "काकू, सीताफळ परदेशातून आलंय म्हणे. लई नंतर." मी पुस्तकं काढली, वाद घातला, आणि म्हातारीच्या पाटीत मुकाट्यानं बोरं भरली.

तिचं हे असंच. तिच्या कानातून काही सुटायचं नाही. एका दुपारी आम्ही सुलतानाची माणसं यायच्या आधीचं गाव लिहीत होतो, तेव्हा तिनंच शंका काढली, की फारसी शब्द गावात कुठून आले? मग आम्ही शब्दांनाच धरलं. हवा काढली, वारा आला. बाजार काढला, हाट आला. गरम भाकरी गेली आणि ऊन ऊन भाकरी आली. मुलं चेकाळली होती, आणि मला वाटत होतं की याचसाठी मी मास्तरीण झाले.

पण लिहायला बसली की या मुलीचा कागद कोरा. दिवाळी गेली, संक्रांत गेली, तरी कोराच. मी रागावले, लाडीगोडी लावली, काही उपयोग नाही. शेवटी एकदा रडतच म्हणाली, "काकू, पहिला शब्द लिहिला की माझ्याच डोक्यात थाळी वाजती. मला काहीच पक्कं म्हायती नाय."

दुसऱ्यांच्या चुका धरणारा कान तिच्याच मुळावर आला होता. पाडवा जवळ येत चालला होता आणि माझा जीव टांगणीला लागला होता. मी विचारलं, "बरं, तुला अगदी पक्कं काय माहीत आहे? डोळे मिटून सांग."

तिनं डोळे घट्ट मिटले. मग म्हणाली, "हुरडा."

"मग हुरड्यापासून सुरू कर."

आजोबांच्या शेतात तिनं शाळू ज्वारीची कणसं भाजली होती, हातावर चोळून हुरडा फुंकला होता. त्याला कोण थाळी वाजवणार? कागदावर शेत आलं, कणसं भाजायची आगटी आली, आणि आगटीपाशी एक मुलगी आली. दिल्लीहून चालून चालून पाय सुजलेल्या एका मुलीला ती हुरडा देते. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. पहिलं पान वाचून मी स्वयंपाकघरात गेले आणि एकटीच हसत सुटले.

पाडव्याच्या आधीच्या रविवारी वडील आले. मुलांनी नियम सांगून त्यांच्याही हातात थाळी आणि डाव दिला. मुलगी वाचू लागली, तोच त्यांचा फोन वाजला, ते बाहेर गेले, आणि परत आले तेव्हा दुसरं पान चालू होतं. शिमग्याचा दिवस, आगटी पेटलेली, दोघी हुरडा खातायत. वडिलांनी डाव उचलला आणि थाळीवर हाणला.

"शिमग्याला कुठला गं हुरडा? तवर शाळू काढून व्हतो."

मुलीचा चेहरा लाल झाला, पण कागद तिनं खाली ठेवला नाही.

"बाबा, तुम्ही बाहेर गेलता. त्या साली पाऊस हटलाच नाय. वापसा यायला, रान पेरायजोगं वाळायला दिवाळी उलटली. पेरणीच उशिरा झाली, तर हुरडा उशिराच येनार ना? पहिल्या पानावर लिव्हलंय."

वडिलांनी मनातल्या मनात हिशोब केला, तो त्यांच्या तोंडावर दिसत होता. मग त्यांनी थाळी मांडीवरून काढून जमिनीवर ठेवली.

"व्हय. बरोबर हाय. वाच पुढं."

तिनं वाचलं. दिल्लीच्या माणसांनी परत जावं अशी सुलतानाची दवंडी येते, इथपर्यंत, आणि थांबली. वडील तसेच पुढं वाकून बसलेले.

"मंग? ती दिल्लीची पोरगी गेली का राहिली?"

"अजून लिव्हलं नाय."

"मंग लिव्ह की."

"कधी लिहू? जूनमधी शाळा हाय ना," ती हळूच म्हणाली.

वडील तिच्यावर चक्क खेकसले. "शाळंचं राहू दे गं! आधी त्या पोरीचं सांग."