माणशी अडीचशे ग्रॅम

माझ्या थोरल्या जावेच्या घरी एकदा बट्टी संपली होती. शेवटच्या पंगतीला वरणाबरोबर भात वाढावा लागला, एवढंच झालं. रावेरजवळच्या त्या गावात त्यानंतर लग्नं झाली, निवडणुका झाल्या, केळीचे भाव चढले आणि पडले, पण ती संपलेली बट्टी लोकांच्या तोंडून गेली नाही. आजही जाऊबाईंच्या, म्हणजे गावच्या अक्कांच्या, घराकडे कुणी निघालं, की पारावरून आवाज येतो, "अक्कांकडे का? मग घरून जेवून निघा."

त्यामुळे धाकट्या पुतणीचा साखरपुडा ठरला, तेव्हा जाऊबाईंनी साडी, हॉल, फोटोवाला यांतलं काहीच विचारलं नाही. जळगावला मला फोन करून म्हणाल्या, "तू सगळ्याच्या याद्या करतेस ना? मग बट्टी किती लागेल तेवढं सांग. या वेळी संपली तर मी या गावात राहणार नाही."

मी याद्या करते हे खरं आहे. फ्रिजवर एक, पर्समध्ये एक, आणि कोणती यादी कुठे आहे याची एक. पण याद्यांना एक मर्यादा असते. चारशे माणसं येणार हे यादी सांगते, ती किती खाणार हे सांगत नाही.

आचाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "ताई, माणशी अर्धा किलो धरा." हा माणूस प्रत्येक कार्यातून उरलेल्या बट्टीची पिशवी घेऊन घरी जातो, म्हणून त्याचं मत मी बाजूला ठेवलं. जाऊबाईंचं म्हणणं होतं, दीडशे किलो करून टाकू. पण जास्त करण्यातही सुख नाही. शेजारच्या गल्लीत एकाकडे इतकी उरली, की ती गोठ्यात नेऊन घातली. त्यांच्या बैलांना गाव अजून 'व्याही' म्हणतं.

माझी लेक जळगावला कॉलेजात संख्याशास्त्र शिकते. तिच्या शिक्षणाचा घराला आजवर काही उपयोग झाला नव्हता, म्हणून मी तिला धरून बसवलं.

ती म्हणाली, "आई, आधी मोजून बघ. माणूस बट्टी सरासरी किती खातो?"

"तीन-चार."

"नगावर नको, वजनावर. लोक मोडून, कुस्करून खातात. अर्धी टाकतात. पाव बट्टी घेतात. हे अखंड चल आहे. दोनशे ग्रॅम आणि दोनशे एक ग्रॅम यांच्यामध्येही अगणित आकडे असतात."

मग मी मोजायला लागले. सलग काही रविवार घरी वरण-बट्टी केली आणि जेवणाआधी आणि जेवणानंतर ताटं काट्यावर ठेवली. नवरा दुसऱ्याच रविवारी म्हणाला, "माझ्या ताटाला मीटर लावलाय. आता रीडिंग घ्यायला माणूस पण येणार का?" ऑफिसातल्या एका निवृत्तीच्या जेवणात तर मी काटा पिशवीतून नेला. बुफे होता, प्रत्येकजण हवं तेवढं वाढून घेत होता, आणि मी टेबलाच्या टोकाला उभी राहून सर्वांकडून ताट मागत होते. साहेबांनी न विचारता ताट दिलं. बहुतेक त्यांना वाटलं, वरून काही परिपत्रक आलं असावं.

लेकीने आकडे मांडले. माणशी सरासरी अडीचशे ग्रॅम, आणि प्रमाण विचलन ऐंशी. म्हणजे माणसं सरासरीपासून साधारण ऐंशी ग्रॅम इकडे-तिकडे पसरलेली. तिने कागदावर घंटेसारखा आकार काढला, मध्ये फुगलेला आणि दोन्ही बाजूंना उतरत गेलेला. बहुतेक माणसं मध्ये. डाव्या टोकाला माझी नणंद, जी लोकांच्या देखत काही खात नाही. उजव्या टोकाला माझा नवरा.

"आता सांग," ती म्हणाली, "नेमकी अडीचशे ग्रॅम खाणारी व्यक्ती मिळण्याची शक्यता किती?"

"भरपूर. सरासरीच आहे ना ती."

"शून्य."

"म्हणजे इतकी ताटं मोजून शेवटी शून्य?"

"नेमकं म्हटलं की शून्यच येतं. दशांशचिन्हापुढे कितीही आकडे लिहीत जाता येतात, अगदी तंतोतंत कुणी बसत नाही. दोनशे चाळीस ते दोनशे साठच्या मध्ये विचार. मग वक्राखालचं तेवढं क्षेत्रफळ मोजायचं." तिने पुस्तकाच्या मागच्या पानावरचा तक्ता पाहिला. "दहात एक."

हे मला पटलं. आमच्याकडेही कुणी नेमकं सांगत नाही. पाहुणे कधी येणार, तर दहा ते बाराच्या मध्ये. घर कुठे, तर बसस्टँड ते शाळेच्या मध्ये. सगळा खान्देश गणित न शिकता क्षेत्रफळातच बोलतो.

पुढचा हिशेब तिने झरझर केला. चारशे माणसांची मिळून सरासरी शंभर किलो. पण एकूण विचलन चारशेपट होत नाही, फक्त वीसपट, म्हणजे चारशेच्या वर्गमुळाइतकं होतं, कारण एकाने जास्त खाल्लं तर दुसरा कमी खातो आणि बरंचसं आपोआप जुळून येतं. म्हणजे फक्त दीड-पावणेदोन किलो. "एकशे पाच किलो कर. संपण्याची शक्यता हजारात एकाहूनही कमी."

जाता जाता ती एवढं म्हणाली, "फक्त एकाच्या खाण्याचा दुसऱ्याच्या खाण्यावर परिणाम व्हायला नको, हां."

मी म्हटलं, "कशाला होईल? प्रत्येकाचं पोट वेगळं." आणि यादीत टिक केली.

मुलाकडची मंडळी धुळ्याकडची. ती दहा ते बाराच्या मध्ये, म्हणजे सव्वाबाराला आली. पहिल्या पंगतीच्या तोंडाशी मुलाचे चुलत आजोबा बसले. उंच, पांढरी टोपी, आणि सगळे त्यांना आबा म्हणत होते. आबांना डॉक्टरांनी तूप बंद केलेलं. दोन घास बट्टी, वाटीभर वरण, आणि वाढपी समोर आला की ताटावर पालथा हात. "आते पुरे व्हयनं."

आणि मी पाहत राहिले. आबांचा हात ताटावर गेला, की त्यांच्या शेजारच्याचा जायचा, मग त्याच्या शेजारच्याचा. आबा उठले आणि अख्खी पंगत उठली. मोठं माणूस हात धुवायला गेल्यावर ताटावर कोण बसून राहणार? बट्टीच्या पाटीतला ढीग जेमतेम हलला होता. जाऊबाईंनी पदराने कपाळ पुसलं आणि मी मनात लेकीला शाबासकी दिली.

दुसऱ्या पंगतीत मुलाचे मित्र आणि आमच्याकडची तरणी मुलं समोरासमोर बसली. माझे दीर, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, स्वतः आग्रहाला उतरले. "धुळेकर, दमले का हो? आमच्याकडे पाहुणा उठतो तो दोघांनी धरून." समोरून उत्तर आलं, "भाऊ, आमना पाट इथून नई हलनार. बठ्ठी, सगळी पाटी आठेच ठेवी द्या." मग एकाने घेतली की समोरच्याने घ्यायची, समोरच्याने घेतली की याने. एक सडपातळ, चष्म्याचा मुलगा, जो बुफेत दीडशे ग्रॅमवर थांबला असता, त्याने माझ्या नवऱ्याला मागे टाकलं. मी पाटीकडे पाहिलं. पाटीचा तळ दिसायला लागला होता.

लेक माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. "आई, हे स्वतंत्र नाहीत."

"दिसतंय मला."

"पंगत म्हणजे एकच माणूस झाला. चारशे नाहीत तुझ्याकडे. चारच आहेत, चार पंगती."

चार माणसांत काही जुळून येत नाही. एक उपाशी उठतो आणि एक घरभराचं खातो. आणि तिसरी पंगत होती गावातल्या मंडळींची. पारावरची तीच मंडळी, हात धुऊन, बाह्या दुमडून, आज काय होतं ते बघायला आलेली. आचारी म्हणाला, "यांनी मनावर घेतलं तर अर्ध्यात संपेल." जाऊबाई भात लावायला आत निघाल्या, आणि तो भात मला बघवेना.

मी सरळ लिंबाखाली गेले. आबा खुर्चीवर बडीशेप चघळत बसले होते.

"आबा, गावची मंडळी बसताहेत. पंगतीला तुमच्यासारखं मोठं माणूस हवं."

"मन्हं जेवण व्हई गयं ना, बेटा."

"नुसतं वरण घ्या. पण पहिल्या पाटावर बसा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. लांब ठेवलेल्या पाटीकडे पाहिलं. आत निघालेल्या जाऊबाईंकडे पाहिलं. "म्हणजे मी काय झाकण शे का?"

"हो," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. टोपी सारखी केली, काठी घेतली आणि चालायला लागले.

नव्या व्याह्यांकडचं सर्वांत मोठं माणूस दुसऱ्यांदा पंगतीला बसतंय, यावर गावकरी इतके खूश झाले की त्यांनी त्यांच्यासाठी मधला पाट सोडला. आबांनी तो नाकारून टोकाचाच घेतला. वरण भुरकलं. हात ताटावर ठेवला. शेजारच्याने जरा वाट पाहिली आणि आपलाही ठेवला. थोड्या वेळाने आबा म्हणाले, "चाला, हात धवूत. तुम्ही बसा ना, सावकाश जेवा." असं म्हटल्यावर कोण बसणार? ज्याने पारावर सर्वांत जास्त वर्षं ती चेष्टा चालवली होती, त्याने हातातल्या बट्टीकडे एकदा पाहिलं, ती ताटात ठेवली आणि उठला. त्याच्यामागे वाढपी भरलेली परात घेऊन उभा होता.

शेवटी आम्ही बायका बसलो. आग्रह करायला कुणी उरलं नव्हतं. भाऊ दमून ओट्यावर आडवे झाले होते. जिला जेवढी हवी तेवढी तिने घेतली. नणंदेने एक तुकडा. माझ्या लेकीने दोन बट्ट्या. बाकीच्या सगळ्या मध्ये कुठेतरी. तो घंटेचा आकार मी कागदावर पाहिला होता, सतरंजीवर पहिल्यांदाच पाहिला.

उजव्या टोकाला जाऊबाई होत्या. सकाळपासून त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. चौथी बट्टी मोडून वरणात कुस्करताना त्या थांबल्या, आणि त्या घरात इतकी वर्षं कुणी मोठ्याने विचारायला धजत नव्हतं ते त्यांनी विचारलं.

"अजून आहे का गं?"

मी पाटी ओढून त्यांच्यापुढे ठेवली.