बाकाखालची फळी

वसईच्या आमच्या शाळेची नवी तीनमजली इमारत पाहायला गेलो आणि वर्गात शिरताच ओरडलो, "अरे, फळी!" प्रत्येक कोऱ्या बाकाखाली ती होती!

आमच्या वेळी शाळा म्हणजे चर्चचा व्हरांडा. बाकही चर्चचेच, प्रार्थनेला गुडघे टेकायच्या फळीसकट. त्या फळीवर चिखलाचे पाय ठेवून आम्ही पाढे म्हणायचो. पुढे वर्ग वाढले, सुतार जुना बाक बघून नवे करत गेले.

"आता हिचं काय काम?" मी मुख्याध्यापकांना विचारलं. हे फादर म्हणजे माझा वर्गमित्रच.

"काढणार होतो रे. पोरं म्हणाली, मग पाय कुठे ठेवायचे?"

एवढी वाढली शाळा, आणि व्हरांडा अजून पायाखाली! मी बाकावर बसलो. शेजारी फादर बसले. आमचे चारही पाय, न बघताच, फळीवर.