जड ग्रहावरून औरंगाबादला

रशियाचा माणूस आकाशात फेरी मारून आला, त्या वर्षी मी मॅट्रिक झाले आणि माझा जीव थाऱ्यावर राहीना. औरंगाबादच्या कॉलेजात शास्त्र शाखेला नाव घालायचं होतं आणि मुदत संपत आली होती. मी अंगणातून परसात, परसातून अंगणात भिरभिरायची. आई म्हणायची, "पायाला भिंगरी लागली का गं?"

कळंबच्या शाळेत विज्ञानाच्या सरांनी आम्हाला सांगितलं होतं, की रॉकेटचं खरं ओझं माणूस नव्हे, इंधन. माणूस वर न्यायला इंधन लागतं, ते इंधन उचलायला आणखी इंधन, आणि त्या आणखीला उचलायला आणखी. पृथ्वीची ओढ बेताची आहे म्हणून जमलं. ती बरीच जास्त असती, तर डोंगराएवढं रॉकेट बांधूनही जेमतेम एखादी चिमणी वर गेली असती. मी विचारलं, "मग तिथल्या लोकांनी काय करायचं?" सर हसून म्हणाले, "आभाळाकडं बघत बसायचं." सगळा वर्ग हसला. मला मात्र संताप आला. तिथं कुणाला बाहेर पडायचंच असेल, तर?

आमच्या घरात कुणाची ना नव्हती, हे आधीच सांगते. ना असती तर मी भांडले तरी असते. घात केला तो होकारानं.

"पोरीच्या जातीला एकलीला कसं धाडायचं?" वडील म्हणाले. म्हणून सोबतीला आत्या. ती वडिलांची धाकटी बहीण, विधवा, आमच्याकडंच राहायची. आत्याला परक्या हातचं चालत नसे, म्हणून वेगळी खोली, चूल, भांडी. भाकरीला ज्वारी. गिरणीचं पीठ आत्याला बाधायचं, म्हणून जातं. दळत मी बसले तर अभ्यास कधी करणार? म्हणून दळायला चुलत बहीण. आता तीही जेवणार, म्हणून ज्वारीचं आणखी एक पोतं. पोतं वाढलं की दळण वाढलं. त्यावर आई म्हणाली, "दुधाला एक शेळी न्यावी का?"

"आख्खं गावच न्या की!" मी ओरडले.

"बघा, कसं तोंड चालतंय," वडील म्हणाले. "औंदा राहू दे. पुढल्या साली नीट बंदोबस्त करून धाडू."

पुढल्या साली काय होतं, ते गावातल्या प्रत्येक पोरीला ठाऊक होतं. तोवर दारात मांडव पडायचा.

शेवटी आत्याच मध्ये पडली. चुलत बहीण आणि शेळी तिनं रद्द केली, पण जातं काही सोडलं नाही. मुदतीच्या आदल्या दिवशी वडिलांनी बैलगाडीतून आम्हाला कळंबच्या स्टँडवर उतरवलं आणि ते बाजाराला गेले.

एस.टी. आली. कंडक्टरनं जात्याकडं आणि पोत्यांकडं बघितलं. "मावशी, हे न्हाय चढायचं. वरचा टप भरलाय."

आत्या हुज्जत घालत राहिली. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. मी दारात एक पाय वर, एक पाय खाली अशी उभी. आता ही उद्याच्या गाडीनं जाऊ म्हणणार, असं वाटून मी दाराची दांडी घट्ट धरली.

आत्यानं माझी पेटी उचलून आत ढकलली. "चढ तू. तिथं पोरींचं वसतिगृह हाय म्हनं. तिथं ऱ्हा."

"आन् तुमी?"

"मी बसते हितंच. तुझा बाप बाजारातनं आला की सांगते त्याला."

"ते तुमाला घरात घ्यायचे न्हाईत, आत्या."

"न्हाय घेतलं तर न्हाय." मग पदर सारखा करत ती म्हणाली, "मला बी लई हौस होती गं औरंगाबाद बघायची. बघ की, नवं लुगडं नेसलेय."

कंडक्टरनं घंटा मारली. मी खिडकीतून मागं बघितलं. आत्या जात्याशेजारी खाली बसली होती, बाजाराच्या रस्त्याकडं तोंड करून. मला रडू कोसळलं, आणि रडता रडताही मनात एकच होतं, गाडी पळावी, आणखी जोरात पळावी.