ठिपक्यांचं बारसं

आम्हाला गणित शिकवणाऱ्या गुरुजींचा एकच नियम होता: पेपरात कोरं काही सोडायचं नाही. उत्तर येत नसेल तर सूत्र लिहा, आकृती काढा, पण जागा भरा. या नियमावर मी दहावीपासून इंजिनिअरिंगपर्यंत पोचलो. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिलाच. माझे वडील, अण्णा, पिठाची गिरणी चालवायचे. निकाल लागला तेव्हा ते हातापायावरचं पीठही न झटकता गुरुजींकडे पेढे घेऊन गेले होते. गुरुजींचे उपकार मी आजही मानतो.

डार्मश्टाटला नोकरीला लागलो तेव्हा सरकारी वेबसाइट अंधांनाही वापरता आल्या पाहिजेत असा कायदा जर्मनीत नुकताच झाला होता. आमच्या छोट्या कंपनीकडे जवळच्या एका कॉलेजचं काम आलं. विद्यार्थी जिथे परीक्षेसाठी नाव नोंदवतात, ती वेबसाइट सुधारायची होती. अंध विद्यार्थ्याचा कॉम्प्युटर पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचतो आणि चित्र आलं की चित्रामागे लिहिलेलं वर्णन वाचतो. ही वर्णनं लिहायचं काम माझ्याकडे होतं.

त्या काळी वेबसाइट म्हणजे बारीकसारीक चित्रांची गोधडीच असायची. रेघ म्हणजे चित्र, ठिपका म्हणजे चित्र, चौकटीचा गोल कोपरा म्हणजेही चित्र. मी एकही सोडलं नाही. शब्दकोश उघडून, व्याकरण तपासून, शुद्ध जर्मनमध्ये प्रत्येकाचं वर्णन लिहिलं. निळी रेघ. निळा ठिपका. गोल कोपरा, वरचा, डावा.

शेजारी बसणारा पुण्याचा सहकारी हसायला लागला. "अरे, ठिपक्यांचं बारसं करतोयस का? रिकामं ठेव ना. चालतं."

"चालतं म्हणून सोडायचं?" मी म्हणालो. "आपलं काम पूर्ण असावं."

"कर बाबा. घुगऱ्या वाटशील तेव्हा सांग."

तपासणीच्या प्रोग्रॅमने सगळीकडे हिरवी खूण दाखवली. साहेबांनी कौतुक केलं. रविवारी फोनवर मी अण्णांना सांगितलं की माझ्या कामामुळे आता अंध मुलं आपली आपण परीक्षेला नाव देतील. अण्णांनी ते गुरुजींना सांगितलं आणि गुरुजींनी प्रार्थनेच्या वेळी साऱ्या शाळेला.

त्याच आठवड्यात कॉलेजची एक अंध विद्यार्थिनी आमच्याकडे आली. तिने स्वतःची खरी नावनोंदणी आमच्यासमोर करायची असं ठरलं होतं. मुदत त्याच दिवशी संपत होती, पण साहेबांनी तिला निर्धास्त राहायला सांगितलं होतं. आजवर तिचं नाव मैत्रीण नोंदवायची.

"मैत्रीण चांगली आहे हो," ती हसत म्हणाली. "पण माझे मार्क माझ्याआधी तिला कळतात. यंदा माझं मी करणार."

तिने कॉम्प्युटर सुरू केला. आवाज इतका भरभर बोलत होता की आम्हाला नुसती गुणगुण ऐकू येत होती. तिच्या कपाळाला मात्र आठ्या पडत गेल्या.

"हे काय आहे?" तिने विचारलं आणि आम्हाला कळावं म्हणून वेग कमी केला.

चित्र, निळी रेघ. चित्र, निळा ठिपका. चित्र, निळा ठिपका. चित्र, गोल कोपरा, वरचा, डावा.

प्रत्येक विषयाआधी ठिपका, प्रत्येक विषयानंतर रेघ. माझं शुद्ध जर्मन खोलीभर घुमत होतं. ती ऐकत राहिली आणि बराच वेळ कळ दाबली गेली नाही म्हणून वेबसाइट आपोआप बंद झाली. तिने पुन्हा तिच्या वेगाने प्रयत्न केला. तिचा विषय यायच्या आत पुन्हा बंद.

पुण्याचा सहकारी स्वतःच्या पडद्याकडे वळला. तो हसला असता तर मला बरं वाटलं असतं.

"ही वर्णनं कोणी लिहिली?" तिने विचारलं.

"मी," मी म्हणालो.

"आल्झो, म्हणजे कष्ट खूप घेतलेत तुम्ही," ती म्हणाली. तिने टोमणा मारला असता तर मी खाली मान घालून ऐकला असता. ती खरंच समजुतीने बोलत होती.

मुदत संपत आली होती. शेवटी साहेब मला म्हणाले, "तुम्हीच बसा, त्यांच्या वतीने भरा."

मी तिच्या खुर्चीत बसलो. तिने तिचा पासवर्ड एकेक अक्षर करून, तीन परक्या माणसांसमोर मोठ्याने सांगितला. मी टाइप केला. पडद्यावर तिचे जुने निकाल उघडले आणि माझी बोटं थांबली.

तिने शांततेवरून ओळखलं. "दिसलं ना? स्टॅटिस्टिक्स. नापास."

"हो," मी म्हणालो.

"गेनाऊ, बरोबर. तेच पुन्हा द्यायचंय. भरा."

मी भरलं. ती आभार मानून निघून गेली. मान वर करून तिला निरोप द्यायचंही मला जमलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी रेघांची, ठिपक्यांची, कोपऱ्यांची वर्णनं पुसत बसलो. रिकामं वर्णन दिसलं की तो आवाज चित्र न वाचता पुढे जातो. सहकारी 'रिकामं ठेव' म्हणाला होता ते यासाठीच. पुसताना प्रत्येक वेळी हात अडखळायचा, जणू उत्तरपत्रिकाच कोरी ठेवतोय.

रविवारी अण्णांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "म्हंजे, कोरं सोडलं तेव्हा बरोबर आलं?"

"हो, अण्णा."

"मग गुरुजींना काय सांगू?"

"माझं चुकलं होतं, एवढंच सांगा."

"बरं," ते म्हणाले. पण त्यांनी सांगितलं नसावं. पुढे सुट्टीत गेलो तेव्हा गुरुजींनी हातातली काठी सावरत माझी पाठ थोपटली आणि मला कुठे बघावं ते कळेना.

पुढच्या सत्रात तिचं आम्हाला एका ओळीचं ईमेल आलं: नाव नोंदवलं, एकटीने. साहेबांनी खुशीत विचारलं, "कोणत्या परीक्षेसाठी?"

तिने ते लिहिलं नव्हतं. आमच्यापैकी कोणालाच ते माहीत नव्हतं. मला तिचं स्टॅटिस्टिक्स मात्र अजून माहीत आहे आणि ते पुसता येत नाही.