बिंदूपासून सुरुवात

डॉ. वसुधा केळापुरे मॅडमना मी पहिल्यांदा भेटलो ते नेपियर टाउनमधल्या त्यांच्या घरी, पीएच.डी.चा अर्ज घेऊन. नवे तारे घडवणाऱ्या दूरदूरच्या आकाशगंगांचे आकार रेडिओ दुर्बिणींनी मोजणे, हे त्यांचे काम. मी त्यावर दहा मिनिटे ऐटीत बोललो. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतले आणि चहाचा कप पुढे करत म्हणाल्या, "अच्छा. सोमवारपासून बिंदू मोज."

ही त्यांची रीत. दुर्बीण प्रत्येक वस्तू थोडी पसरट करून दाखवते. तो पसरटपणा वजा केल्याशिवाय खरे माप हाती येत नाही. म्हणून आकाशातला एखादा स्रोत, इतका लहान की बिंदूच मानावा, तो मॅडम आधी मोजायला लावतात. त्याचे माप शून्याच्या आसपास आले, तरच आकाशगंगांना हात लावायचा. प्रोग्राम बदलला की पुन्हा बिंदू. आम्हा विद्यार्थ्यांना हे बालवाडीतले काम वाटे.

मला जरा जास्तच वाटले. पुढे मी प्रोग्राम नव्याने लिहिला तेव्हा बिंदूला सरळ फाटा दिला. त्यातून आलेल्या मापांवरचा आमचा शोधनिबंध स्वीकारला गेला आणि त्याच्या भरवशावर परदेशातली शिष्यवृत्तीही जवळजवळ ठरली. छपाईच्या आदल्या आठवड्यात मॅडमनी माझ्या प्रोग्राममध्ये सहज एक बिंदू घालून पाहिला. ज्याला मापच नाही, त्याला माझ्या प्रोग्रामने चांगले आकाशगंगेएवढे करून ठेवले होते. पसरटपणा वजा करणारी पायरीच मी गाळली होती.

"काहून रे, बिंदू मोजला नव्हता?"

"नाही, मॅडम."

"चलो, निबंध मागे घेऊ."

छापून होऊ द्या, दुरुस्ती मागाहून देऊ, अशी गयावया मी केली. ती आठवून आजही लाज वाटते. मॅडम बधल्या नाहीत. मात्र संपादकांना पाठवलेल्या पत्रात त्यांनी माझे नाव येऊ दिले नाही. "तपासणी माझ्याकडे होती आणि ती मी केली नाही," एवढेच त्यांनी स्वतःबद्दल लिहिले.

शिष्यवृत्ती गेली. मी घमापुरातल्या आमच्या कापडाच्या दुकानात तोंड पाडून बसू लागलो. पाचव्या दिवशी मॅडम स्कूटरवरून तिथे आल्या आणि बाबांना म्हणाल्या, "भाऊसाहेब, मुलगा नापास नाही झाला. माप पुन्हा घेऊन राहिला."

"मग इथं काहून बसून राहिला? घेऊन जा त्याला, मॅडमजी," बाबा म्हणाले.

नवे आकार जुन्याच्या निम्मे निघाले. निबंध वर्षभराने छापून आला आणि अजून टिकून आहे. निबंध मागे घेतला त्याच महिन्यात मॅडमची बढतीची मुलाखत होती आणि त्या पत्रामुळे बढती हुकली, हे मला फार उशिरा, कार्यालयातल्या बाबूंकडून कळले. विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "बिंदू मीच आधी घालून पाहायला हवा होता." विषय तिथेच संपवला.

त्यांच्या साठीनिमित्त हा लेख लिहितो आहे हे सांगताच त्यांनी बजावले, "तुझा पसरटपणा वजा करून लिही." मी विशेषणे काढली, कृतज्ञतेची दोन पाने काढली. मॅडमचे माप मात्र कमी झाले नाही.

मॅडमना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. माझ्या नव्या विद्यार्थिनीने सोमवारी बिंदू मोजला आहे. तो मी स्वतः तपासला.