रुख्माबाईच्या भुऱ्याची खाज

देवाची भांडी चिंचेनं घासायला घेतली होती. घट बसायला थोडेच दिवस उरले होते. तांब्या, निरांजन, घंटी लख्ख झाली. समई अन् ताम्हन अजून काळंच होतं. तेवढ्यात फाटकातून रुख्माबाईची हाक आली.

"वैनी, हातातलं ठेवा बरं जरा. भुऱ्यानं पाय पार सोलून काढला."

चिंचेच्या हातानंच बाहेर गेले. भुऱ्या म्हणजे तिचा कुत्रा. पांढरट अंगाचा, एक कान उभा, एक पडलेला. रुख्माबाई पायरीवर बसली होती आणि त्याचा पुढचा पंजा तिनं पदरात धरला होता. बोटांच्या मधली कातडी चाटून चाटून फाटली होती. थुंकीनं पंजाचे पांढरे केस विटकरी झाले होते. पोटाखाली, काखेत लाल चट्टे. ती पंजा धरून होती तरी तो दुसरा पाय तोंडात घ्यायला मान वळवत होता.

"आमचा मुकेश म्हणते, दसऱ्याच्या आत याले कुठं तरी सोडून येतो," ती म्हणाली. एवढं बोलून गप्प झाली. रुख्माबाई रडत नाही. दुःख झालं की तिचं बोलणं बंद होतं, आणि ज्या बाईचा आवाज चौकापर्यंत जातो ती गप्प बसली की पाहवत नाही.

वर्धेतल्या आमच्या नालवाडीत तिला ओळखत नाही असं घर नाही. माहेर समुद्रपूर तालुक्यातलं, शेतीवाल्यांचं. नवरा बाबाराव कापसाच्या जिनिंगवर चौकीदार होते, म्हणून इकडे आली. पुढे शाळेतली खिचडी शिजवायचं काम धरलं. आता मोटरसायकली उडवत फिरणारी आमच्याकडची पोरं तिच्याच हातची खिचडी खाऊन वाढली. कुणी म्हणालं, "मावशी, मीठ कमी आहे," की तिचं उत्तर ठरलेलं: "घरून खिशात आणत जाय." भुऱ्या बाबारावांनी जिनिंगवरून आणलेला. ते गेले आणि तिचं शाळेचं कामही सुटलं. मुलगा मुकेश पहाटेच बुटीबोरीला कंपनीत जातो, सून भावना अबोल. मग दिवसभर रुख्माबाईचं बोलणं कुणाशी? भुऱ्याशी. भाजी काय करू इथपासून सगळं त्याला विचारायची.

आता भावनाला सातवा महिना आहे. मागच्या वर्षी तिचं एक बाळ गेलं. तेव्हापासून मुकेशच्या जिवाला थारा नाही. भिंतीवर पाल दिसली तरी त्याला वाटतं, काही तरी होणार. त्यातच भावनाच्या आईनं फोनवर सांगितलं, खरूज झालेलं कुत्रं घरात आणि पोटुशी पोरगी घरात, हे बरं नाही. तो शब्द त्याच्या डोक्यात बसला.

खाज काही नवीन नव्हती. दर वर्षी पोळा झाला की भुऱ्या पाय चाटायला लागायचा, तोंड भिंतीला घासायचा, कान झाडायचा. करंजाचं तेल लावून झालं, गंधक लावून झालं. गॅरेजमधलं जळकं ऑइल लावा असंही कुणी सांगितलं. तेही लावलं, तर ते चाटून तो नुसत्या ओकाऱ्या काढत राहिला. शेवटी रुख्माबाई गिरडच्या दर्ग्याला जायची. तिच्या माहेरची सगळी माणसं त्या डोंगरावर नवस फेडतात. कुत्र्याला बसमध्ये घेत नाहीत, म्हणून ती त्याच्या गळ्यातला पट्टा पिशवीत घालून न्यायची, दर्ग्यापुढे ठेवायची, लोबानाची राख आणून त्याच्या कपाळाला लावायची. आणि खरंच, मार्गशीर्षात खाज थांबायची. केस यायचे. तिची श्रद्धा मग आणखी पक्की व्हायची.

समोरची तानाबाई एकदा म्हणाली होती, "इथं माणसाले कोणी इचारत नाई, अन् हिच्या कुत्र्याचा नवस!"

"माया कुत्र्याचा पट्टा तरी डोंगर चढते," रुख्माबाई म्हणाली, "तुया नवरा तं पारावरून हालत नाई."

पण यंदा मार्गशीर्षापर्यंत वाट पाहायला मुकेश तयार नव्हता. म्हणून मी समई तशीच ठेवली, हात धुतले, आणि ऑटो करून आम्ही दोघी भुऱ्याला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेलो.

तिथं आकांक्षा नावाची तरणी डॉक्टरीण होती. तिनं आधी भुऱ्याला हातच लावला नाही, नुसती विचारत राहिली.

"कधीपासून खाजवतो?"

"पोळ्यापासून."

"मागच्या वर्षी?"

"पोळ्यापासूनच. दर साली पोळाच."

"आणि थांबते कधी?"

"गिरडले जाऊन आली का थांबते. मार्गशीर्षात."

डॉक्टरनं मान वर केली. मग पंजे पाहिले, काखा पाहिल्या, कान उलटे करून पाहिले. पात्यानं कातडी जराशी खरवडली, काचेवर घेतली आणि यंत्राखाली धरली. "किडे नाहीत," ती म्हणाली. "मावशी, ही खरूज नाही. ही ॲलर्जी आहे. तुमच्याकडे गाजर गवत आहे का?"

मला हसूच आलं. वर्धेत गाजर गवत कुठं नाही! रुख्माबाईच्या घराशेजारचा रिकामा प्लॉट तर कमरेएवढ्या गवतानं भरलेला. माणसाला त्याची खाज येते, डोळे सुजतात, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. कुत्र्यालाही येत असेल, हे मात्र आम्हा शहाण्यांपैकी कुणाच्या मनात आलं नाही.

"हा त्या गवतात जातो?"

रुख्माबाई माझ्याकडे पाहायला लागली. भाद्रपद लागला की सगळ्या गल्लीच्या दुर्वा, आघाडा, पत्री तीच खुडून आणते. गणपतीची, महालक्ष्म्यांची, मग घटाची फुलं. सगळं त्याच प्लॉटमधून. आणि भुऱ्या तिच्या मागे मागे. ती वाकून दुर्वा निवडते तोवर तो गवतात पाठ घासत लोळतो.

डॉक्टरनं समजावून सांगितलं. ही खाज एकाची दुसऱ्याला लागत नाही, येणाऱ्या बाळालाही लागणार नाही. पण मुळापासून जाणारीही नाही. दर साली येईल, दर साली सांभाळावी लागेल. बाहेरून आला की ओल्या फडक्यानं पाय, पोट पुसायचं, बोटांच्या मधात पण, आणि कोरडं करायचं. आठवड्यातून एकदा औषधाच्या शाम्पूनं गार पाण्यात अंघोळ, फेस थोडा वेळ अंगावर ठेवून. गोचीड होऊ द्यायची नाही. त्याचं वजन करून गोळी लिहून दिली, आणि माणसाची सर्दीची गोळी आपल्या मनानं द्यायची नाही असं बजावलं. पुढच्या साली पोळ्याच्या आधीच आणायचा, खाज चढायची वाट पाहायची नाही. गवत उपटायचं तेही फुलायच्या आधी, पावसाळ्याच्या सुरुवातीला. आता फुलावर आलंय, आता हात लावला तर धुरळा उडेल.

रुख्माबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "मंग मी गिरडले जाऊन आली का हा बरा कसा होते?"

डॉक्टर म्हणाली, "मावशी, थंडीत ते गवत वाळतं. फुलोरा राहत नाही. म्हणून खाज थांबते."

दवाखान्याबाहेर लिंबाखाली आम्ही ऑटोची वाट पाहत उभ्या होतो. भुऱ्या तिच्या पायावर हनुवटी टेकून बसला होता.

"म्हंजे वैनी, मी इतके साल तिथं जाऊन बोलत होती," ती म्हणाली, "ते कोणीच आयकून नाई राह्यलं."

मी म्हटलं, "असं नका म्हणू. देवानंच तर ही डॉक्टरीण भेटवली."

"तुम्ही म्हणा तसं. तुमचं देवघर मोठं आहे. मले नका सांगू."

मी रोज दोन वेळा दिवा लावणारी बाई. घरी येऊन ती समई घासली, तरी काळीच आहे असं वाटत राहिलं.

पण रुख्माबाईनं डॉक्टरचं सगळं केलं. पत्री आणायचं सोडलं. भुऱ्याला मागच्या सिमेंटच्या अंगणात बांधलं, सडकेच्या बाजूनं फिरवून आणायची आणि उंबऱ्यातच पंजे पुसायची. गोळी भाकरीच्या तुकड्यात. तो पाय चाटायचा कमी झाला. जखमेवर खपली धरली. एक दिवस अबोल भावना आपली जुनी ओढणी घेऊन आली.

"आई, याचं फडकं करा. मऊ आहे. ते टॉवेलचं टोचते त्याले."

रुख्माबाई मला सांगायला आली तेव्हा तिचा आवाज पुन्हा चौकात ऐकू गेला असता. मुकेश मात्र राहू द्या म्हणाला नाही, सोडतो असंही म्हणाला नाही.

मग दसऱ्याची साफसफाई निघाली. आमच्या गल्लीत दसरा आणि धम्मचक्राचा दिवस एकत्रच येतो, त्यामुळे झाडझूडही एकत्रच होते. शिक्षक असलेले रत्नदीप सर म्हणाले, रुख्माबाईच्या कुत्र्याला त्या गवताचा त्रास आहे, तर यंदा तो प्लॉटच साफ करू. रविवारी सकाळी सगळे कोयते, फावडी घेऊन लागले. मनानं, प्रेमानं. फुलावर आलेल्या गवताला हात लावायचा नाही, हे आम्ही त्यांना सांगितलंच नव्हतं. रुख्माबाई तेव्हा भुऱ्याची गोळी आणायला मेडिकलवर गेलेली. मी नैवेद्याच्या पुरणात अडकलेली. बाहेर येऊन पाहते तर पांढऱ्या फुलांचं ते कमरेएवढं गवत मुळासकट उपटून झालं होतं आणि त्याचा ढीग वाळायला कुठं रचला होता? रुख्माबाईच्या मागच्या भिंतीला लावून. वारं तिच्या अंगणाकडे. हवेत बारीक पिवळट धूळ तरंगत होती.

ती परत आली. ढिगाकडे पाहिलं, भिंतीपलीकडे शिंकणाऱ्या भुऱ्याकडे पाहिलं. रत्नदीप सर घाम पुसत म्हणाले, "मावशी, झालं तुमचं काम!"

काय म्हणणार ती? सगळ्यांनी आपला रविवार तिच्या कुत्र्यासाठी घातला होता. भुऱ्याला तिनं घरात घेतलं, भावनाला म्हणाली त्याला पूस, आणि सगळ्यांसाठी चहा ठेवला. हसून दिला.

दिवस कलेपर्यंत भुऱ्याचे डोळे सुजून बंद झाले. कान फाडून घेतले त्यानं. खपल्या गेल्या, पुन्हा रक्त. आणि भावनाच्या दोन्ही हातांवर, कोपरापर्यंत, लाल पुरळ उठलं.

रविवारीही ड्यूटीवर गेलेला मुकेश कंपनीतून आला आणि त्याला आधी ते हात दिसले.

"हे काय होय?"

"गवताचं आहे रे," रुख्माबाई म्हणाली. "भिंतीले ढीग आहे ना, त्याची धूळ याच्या अंगावर होती, तिनं पुसलं..."

"गवत, गवत! काऊन खोटं बोलून राह्यली आई? त्याच्या अंगावर तेच, हिच्या अंगावर तेच, अन् तू गवत म्हणते?"

"डॉक्टरीण बोलली, लागत नाई म्हणून. वैनीले इचार."

मी फाटकात उभी होते. मी सांगितलं. त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. खाली बसला आणि एवढा मोठा माणूस डोक्याला हात लावून म्हणाला, "आई, एक लेकरू गेलं ना आपलं? आता मले डॉक्टरीण नोको सांगू."

रुख्माबाईचं काय चुकलं आणि मुकेशचं काय चुकलं, हे देवालाच विचारावं, तर वर कुणी ऐकतच नाही हे तिनं दवाखान्यापुढेच ठरवून टाकलेलं. मुकेशचा मित्र अंकुश मालाचा छोटा ऑटो चालवतो, त्याचं सेलूकडे शेत आहे. मुकेशच्या सांगण्यावरून त्यानं ऑटो आणला. भुऱ्या डोळे मिटलेला, वासानंच रुख्माबाईकडे तोंड करून उभा राहिला. तिनं स्वतः त्याला उचलून आत ठेवलं. "शेतात मोकळा राहीन," अंकुश म्हणाला. शेताच्या बांधावर आता काय फुललेलं असेल, ते आम्हा तिघींनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी भावनाला तिच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी हात पाहताच विचारलं, गाजर गवतात गेली होतीस का? मुकेश तिथंच होता. घरी आला आणि अंगणात उभ्या उभ्याच अंकुशला फोन लावला. अंकुश म्हणाला, दोर चावून गेला बाप्पा तो. सकाळपासून दिसला नाही. डोळे तर उघडत नव्हते, गेला कुठं काय माहीत.

मुकेशनं ते आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, निवडत राहिली.

"मी येतो तुया संग शोधाले," तो म्हणाला.

"तू भावनापाशी थांब."

आज ती मला विचारायला आली, दोन दिवस भावनाला दुपारचं जेवायला वाढाल का. मी हो म्हटलं. उद्या सकाळच्या बसनं रुख्माबाई सेलूला भुऱ्याला शोधायला जाणार आहे.